उजेडाचा कल

सावद्याला, फैजपूर रोडवर,
केळी पिकवायच्या वखारीची मागची भिंत
दर पोळ्याला मी पदरच्या पैशाने चुना मारून घेतो.
भिंत माझी नाही.
तिच्यावरची काळी रेघ माझी.
रेघेपासून पंचवीस फुटांवर जमिनीत खिळा,
खिळ्यावर ट्रकचं तोंड,
मग दिवा लावायचा आणि थोडा वेळ गप्प राहायचं.

चांगला दिवा भिंतीवर असा पडतो:
उजवीकडे सपाट, पाटाच्या पाण्यासारखा,
मधोमध मोडतो,
आणि डावीकडे चढत जातो, पंधरा अंश.
उजवीकडून समोरचा येतो,
त्याच्या डोळ्यांखालून जायचं.
डावीकडे रस्त्याची कड.
कडेने कोण चालतं हे ज्याला माहीत होतं
त्यानेच तो चढ ठेवला असणार.

काचेवर खाली नखाएवढा गोल,
गोलात इंग्रजी ई, शेजारी आकडा.
कंपनीचा एक पोरगा आला होता, भारंबे, त्याने सांगितलं:
दूर एका तळ्याकाठच्या शहरात
देशोदेशीची माणसं कानाला यंत्र लावून बसतात
आणि अंशांवर भांडतात.
पट्टा किती ताण सोसेल,
आरशात कुठवर दिसावं,
धुरात काय किती चालेल.
एकाने तपासलं की दुसऱ्याने ते मानायचं,
पुन्हा तपासायचं नाही.
मी म्हटलं, आमच्याकडे सोयरीकसुद्धा अशी जुळत नाही, भो.

त्यांच्या भांडणाचं काही ना काही इथवर पोचतं.
नव्या ट्रकला डिझेलशेजारी निळ्या झाकणाची टाकी,
तिच्यात युरियाचं पाणी.
गंभीर तडवी हसून हसून खोकला होता,
"केयीले युरिया, अन आता गाडीले बी!"
मग एका रात्री बऱ्हाणपूरच्या अलीकडे ते पाणी संपलं,
इंजिन रांगायला लागलं,
मागे दहा टन केळी पिवळी व्हायची घाई करत होती.
तेव्हापासून तो कॅन उशाशी ठेवतो.

तोच गंभीर परवा दिवा घेऊन आला.
डावा फुटला होता,
दिल्लीला माल उतरवून येताना भंगारातून उचललेला,
अर्ध्याहून कमी पैशात.
लावला.
भिंतीवर सपाट रेघ आली,
मधोमध मोडली
आणि उजवीकडे चढली.

मी खिळा तपासला. टायरची हवा तपासली.
पुन्हा लावला. पुन्हा उजवीकडे.

"शिक्का तं आहे ना?"
शिक्का होता. गोल, ई, आकडा, सगळं खरं.
फक्त आपल्या दिव्यावर शिक्क्यापाशी
एक बारीक बाण असतो,
तो नव्हता.
जिथे सगळे उजव्या अंगाने चालतात
तिथला हा दिवा.
तिथे तो कोणाला तरी वाचवत होता.
इथे तोच, काही न बिघडता,
समोरच्याच्या डोळ्यात सुई घालणार.

नवा दिवा भुसावळहून यायला तीन दिवस.
केळी तीन दिवस थांबत नाही.
काळी टेप घेतली,
काचेवर त्रिकोण चिकटवला, चढ झाकला.
भिंतीवर आता एक सरळ रेघ, उजवी-डावी सारखी.
"पाह्य, कसा झाला!" गंभीर खूश.
खरंच, कोणालाही टोचणार नव्हता.

पहाटे साडेचारला मी ओट्यावर दात घासत होतो.
सायसिंग पावरा आणि त्याच्या घरची
कापणीला निघालेली,
खांद्याला कोयता,
डांबर सोडून मातीवरून, डाव्या कडेने.
मागून गंभीरचा ट्रक आला.
उजवा दिवा नेहमीसारखा दूरवर गेला.
डाव्याने सायसिंगचे गुडघे दाखवले.
गुडघ्यांवर काही नाही.

तोंडात फेस होता, ओरडताही आलं नाही.
गंभीरने हॉर्न दिला, ती दोघं खड्ड्यात उतरली,
ट्रक गेला, ती पुन्हा वर आली,
रोज उतरतात तशीच.

सात वाजता भुसावळला फोन लावला.
बाणवाला पाठवा म्हटलं.
तो विचारतो, कसला बाण?